हिशेबवहीच्या मागच्या पानांवर

वही संपली नाही, जोथम संपला.
म्हणून उरलेली पानं माझी.
मी केझाया क्रॅबट्री, सुताराची लेक, गवंड्याची बायको.
हो, गवंड्याचीच.
दारावरची पाटी 'आर्किटेक्ट' म्हणायला लागली
ती लग्नानंतर अकरा वर्षांनी,
आणि रंगाऱ्याचे पैसे अजून द्यायचेत.

वॉल्डबीच्या बाहेर तो फारसा गेला नाही.
लिंकनला दोनदा: एकदा साक्षीला, एकदा चुन्यासाठी.
लंडन पाहिलं नाही.
रोम पाहिलं ते पुस्तकात,
सात जणांनी वर्गणी काढून घेतलेल्या,
आठवडाभर आपल्याकडे, मग पुढच्याकडे.
चुलीपाशी ते उघडून
वितीने खांब मोजायचा, शिंप्यासारखा:
पाय इतका, धड इतकं, गळा इतका.

त्यातलं एक पान उंदरांनी खाल्लं.
नेमकं तेच,
खांबांच्या माथ्यावर कुठली पानं कोरायची ते सांगणारं.
बाजारघराचे चार खांब तेव्हा उभे, बोडके.
पैसे निम्मे आलेले. थंडी तोंडावर.
कागदावर सही झालेली:
'माथी पानं, रोमच्या रीतीने.'
"कसली पानं?" मी विचारलं.
"पानं," तो म्हणाला, आणि जेवला नाही.

पहाटे परसात गेले तर
माझ्या कोबीच्या वाफ्यात उकिडवा बसलेला,
दहिवरानं भिजलेलं पान बोटांवर तोलत,
कड कुठे वळते, शीर कुठे फुटते
ते पाहत.
दोन गड्डे उपटून नेले.
मी भांडले. रश्शाला एकच उरला होता,
आणि घरात खाणारी आठ तोंडं.

आमचा दगड पिवळा;
खाणीतून निघतो तेव्हा लोणी,
वर्षभर वारा प्याला की हाड.
लोणी असतानाच कोरायला हवा.
एमॉस टिपेटनं नऊ दिवसांत चारही माथी उतरवली,
समोर घमेल्यात माझे गड्डे, रोज जास्त कोमेजणारे.
म्हणून चौथ्या खांबाची पानं जरा खाली पडलीत.
बघा कधी गेलात तर.

मग स्टॅनिफोर्थांचा धाकटा इटली करून आला.
वर पाहिलं, आणि इतका हसला
की डोक्यावरचा टोप घसरला.
"क्रॅबट्री, हे तर सूप आहे!"
जोथमनं टोपी काढली.
"होय साहेब. पण गळत नाही."

त्याच स्टॅनिफोर्थांच्या हवेलीला अकरा खिडक्या.
मोजा, अकराच दिसतील.
सातवी नुसता काळा रंग आहे, मागे भिंत.
बाहेरून तोल हवा, आणि खिडकीवर कर.
त्या भिंतीआड नोकरांचा जिना.
मी एकदा चढले आहे तो, भर दुपारी, मेणबत्ती घेऊन.
तोल म्हणजे काय ते मला तिथे कळलं.
त्याला सांगितलं नाही.

पुलाबद्दल मी लिहिणार नव्हते.
दोन कमानी पुराने नेल्या,
आणि त्यांच्यासोबत गाडीवानाचा पोरगा, सायलस, बारा वर्षांचा.
पाया उथळ होता. कुणी म्हणालं नाही, त्याला माहीत होतं.
सात वर्षं पदरचे पैसे घालून त्यानं पूल पुन्हा बांधला.
वहीत त्याची ओळ एवढीच:
'पूल, पुन्हा.'
त्यानंतर पाऊस वाजला की तो उठून बसायचा.

सगळ्या गावाच्या थडग्यांवर त्यानं कलश कोरवले.
एमॉस विचारतो, तुमच्या माणसाला कुठला?
मी म्हटलं, थांब जरा.
छाती चुन्यानं भरलेला माणूस,
त्याच्यावर आणखी दगड कशाला.

आज शनिवार, बाजार.
खांबांखाली बायका टोपल्या मांडून बसल्यात,
एकीची कोबी, एकीची अंडी,
कुणी वर बघत नाही. बघू नये.
मी त्याची लेखणी घासली, शाई जरा पातळ केली,
आणि येणे बाकीच्या रकान्यात,
स्टॅनिफोर्थांच्या चाळीस पौंडांखाली,
लिहून टाकलं:
कोबी, गड्डे दोन.